नाक नसलेलं चित्र

शुद्धलेखन माझं कच्चं, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीपुढं शाळा झाली नाही, तेव्हा माफ करावं.

छावणीत आमच्या मागच्या खोलीत इटलीचा एक चित्रकार भाड्यानं राहायचा. वेरूळ बघायला आला अन् इथंच थांबला. माणूस, झाड, देव काही काढायचा नाही, नुसते रंगाचे पट्टे. दोरीवरच्या लुगड्यांकडं एक डोळा मिटून बघत बसायचा. मग मी ती आतच वाळवायची.

एका वकिलांनी वडिलांचं चित्र सांगून आगाऊ पैसे दिले. यानं आठ दिवस म्हाताऱ्यासमोर बसून काळा, पांढरा अन् हळदीसारखा पिवळा पट्टा काढला.

वकील अंगणात ओरडले, "अहो, नाक कुठंय? निदान डोळे काढा, दुप्पट देतो!"

"नाक सबको है, साहब. ये रंग सिर्फ उनका है."

"मग संध्याकाळपर्यंत माझे पैसे टाका!"

पैसे तर रंगात गेले होते. मलाही त्यात म्हातारा दिसत नव्हता. मी दाराआडून म्हणाले, "भाऊ, दोन ठिपके द्या की काढून."

"नै भाभी," तो हसला अन् सायकल घेऊन बाजारात गेला.

आला तो पायी. वाट बघत बसलेल्या वकिलांच्या हातावर त्यानं सगळे हाली रुपये, तेव्हाचं इथलं संस्थानी नाणं, मोजून ठेवले, एकही कमी नाही.