राणीच्या दारावरची जाळी

मधमाश्यांना औषध द्यायचं नाही, साखरपाणी पाजायचं नाही, जी पेटी आपल्या बळावर तगेल तिचीच पिल्लावळ पुढं वाढवायची, असं मी पलूसजवळच्या आमच्या मळ्यात ठरवलं. आपल्याच मातीतल्या सातेरी माश्या, त्यांना कशाला डॉक्टर! एकेक पेटी मेली की मी ती झाडून ठेवायचो आणि पुण्याहून बघायला येणाऱ्यांना ऐटीत सांगायचो, दुबळं होतं ते गेलं. काळीज दगडाचं होतं आणि मी त्याला तत्त्व म्हणायचो.

शेवटची पेटी बायकोची होती. विहिरीच्या कपारीतलं मोहोळ तिनं स्वतः उतरवलं होतं, पोळ्यांचे तुकडे केळीच्या सोपटानं चौकटींना बांधले होते. पावसाळ्यात त्यातल्याही अळ्या फुगून मरायला लागल्या. ती हळद घातलेलं साखरपाणी वाटीत घेऊन आली. मी वाटी बांधावर उपडी केली आणि म्हणालो, एवढा पुळका असेल तर पेटी घेऊन माहेरी जा. ती गेली नाही, पण तिनं माझ्याशी बोलणं तोडलं.

मग माश्या निघायच्या तयारीला लागल्या. घर नासलं की सातेरी सगळा मध पोटात भरून घेते आणि दुसरीकडं जाते. रोगातून सुटायचा तिचा हा जुना उपाय. मला तो तोंडपाठ होता. पण पुण्याचे पाहुणे यायला आठवडाच उरला होता, त्यांना नुसत्या रिकाम्या पेट्या दाखवायची मला लाज वाटली. मी दारावर बारीक फटींची जाळी ठोकली. तिच्यातून कामकरी माश्या जातात, राणी अडकते, आणि राणीला टाकून त्या कुठं जात नाहीत.

रोज दुपारी त्या भराभरा बाहेर पडायच्या, आंब्याभोवती घोंघावायच्या आणि राणी आली नाही म्हणून परत फिरायच्या. वर पाऊस, बाहेर फुलोरा नाही, आत पोळ्यांत मधाचा थेंब नाही. तेवढ्यापुरता अबोला सोडून बायको म्हणाली, जाळी काढा. मी काढली नाही.

पाहुण्यांसमोर झाकण उचललं तेव्हा तळाशी मेलेल्या माश्यांचा थर होता आणि राणी जाळीला धरून मेली होती. मी घसा खाकरून नेहमीचं सांगितलं, दुबळं होतं, गेलं.

बायको चहा घेऊन आली होती. तिनं ताट ओट्यावर ठेवलं.

"दुबळ्या न्हवत्या त्या," ती पाहुण्यांना म्हणाली. "जगायला निघाल्या हुत्या. ह्यांनी दार लावलं."