चोरलेला श्वास

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी दिल्लीत, मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एकटीच आजारी पडले. वरच्या मजल्यावरच्या आंटी दाराबाहेर खिचडीचा डबा ठेवायच्या, "बेटा, खा लेना" म्हणायच्या आणि लगबगीने निघून जायच्या. त्यांच्या चपलांचा आवाज थांबला की घर इतकं रिकामं व्हायचं, की मला फ्रिजच्या घरघरीचीसुद्धा सोबत वाटायची.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बाजारात औषधालाही मिळत नव्हतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पालथ्या झोपा आणि एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघत राहा. मी बोलणार कोणाशी, भिंतींशी?

मी हे आईला सांगितलं. आई कराडला, तीही एकटीच. तिने जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि जन्मभर देवासमोर सांजवात लावली. या दोन्हींचं भांडण असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी मात्र कॉलेजात गेल्यापासून देवाचं नाव टाकलं होतं.

"अगं, लहानपणी शिकवलेलं स्तोत्र आहे ना, ते म्हण," ती म्हणाली. "एक ओळ एका दमात म्हणता आली की समजायचं, फुप्फुसं ठीक आहेत. मी ऐकते."

ओळ तोडायची नाही, हा तिचा जुनाच नियम. मध्ये श्वास घेतला की ओळ पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे मी श्वास चोरायला शिकले होते. एखादं अक्षर लांबवायचं आणि त्याच्या आडून हळूच हवा ओढायची.

रोज दिवेलागणीला मी पालथी पडून, फोन उशीशी ठेवून म्हणू लागले. चिडचिड व्हायची. पण खरं सांगते, तेवढा वेळ भीती वाटायची नाही. एका संध्याकाळी श्वास ओळीला पुरेना. सवयीने मी तो चोरला.

"चोरलास," आई म्हणाली. "आज नको. तुटू दे. कळायला हवं."

पुन्हा म्हटलं. ओळ निम्म्यातच तुटली.

"वरच्यांना सांग. सिलिंडर. आत्ता."

आंटींनी घरच्यांसाठी राखून ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर खाली आणून दिला. त्यांच्या भावाने तो पानिपतहून भरून आणला होता. आपल्याकडे पानिपत झालं म्हणजे सगळं संपलं. माझा श्वास मात्र तिथून आला.

मी सावरत होते तेव्हा कराडच्या शेजारच्या काकांचा फोन आला. आई गेली होती. तीही त्याच दिवसांत आजारी होती आणि मला कळू द्यायचं नाही असं तिने त्यांना बजावलं होतं. जी बाई चहासुद्धा धडा शिकवल्यासारखा समजावून सांगायची, ती शेवटी दोन-दोन शब्दांत बोलत होती. मला तेव्हा वाटलं होतं, माझ्यावर रागावली आहे. मला शेवटचं जाताही आलं नाही.

देव आहे की नाही, मला अजून माहीत नाही. पण दिवेलागणीला मी दिवा लावते आणि स्तोत्र म्हणते. मध्येच मुद्दाम श्वास चोरते आणि थांबते. कोणी पकडत नाही.