साखर पंधरा

विमलअक्का घरात आली की चहाआधी माझ्या वडिलांचं, आबांचं, बोट मागायची. सोनगीरच्या शाळेत तिनं उभी हयात गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या लोकांची साखर तपासायचं काम स्वतःहून अंगावर घेतलं. आबांना मधुमेह होता. ते "बरं शे" म्हणाले की ती सुई काढत विचारायची, "बरं म्हणजे कितलं, भाऊ?"

वर्गात कुणी उत्तर म्हणून नुसतं 'पाच' लिहिलं, तर ती पाटीवर बोट ठेवायची. "पाच काय? आंबे की मैल?" मीही तिच्या हाताखालून गेलो, म्हणून हे चांगलं ठाऊक आहे.

तिचं साखर मोजायचं जुनं यंत्र बिघडलं होतं. इंग्लंडला असलेला तिचा मुलगा सुट्टीवर आला, तेव्हा तिथलं नवं यंत्र देऊन गेला. तो परतल्यावर थोड्याच दिवसांत एका दुपारी आबा एकदम गळून गेले. तोंडाला कोरड पडली, उठवेना. मी अक्काला बोलावून आणलं. नव्या यंत्रावर आकडा आला, पंधरा.

आबांची साखर नेहमी दीडशे-दोनशेच्या घरात असायची. पंधरा पाहून अक्काचा चेहरा उतरला. साखर इतकी उतरली की माणूस हातचा जातो, हे तिला माहीत होतं.

"साखर आन, वहिनी! लवकर!" ती आईवर ओरडली.

"अक्का, माले गोड नको वाटस," आबा पुटपुटले.

"मी सांगस ना? गुपचूप पी."

पेलाभर साखरपाणी पाजून तिनं पुन्हा मोजलं. अठरा. "चढी राहिनी!" ती म्हणाली आणि आईनं आणखी एक पेला ढवळला. आम्हालाही हायसं वाटलं. संध्याकाळी आबांना उलट्या सुरू झाल्या, जीभ जड झाली, मला ते माझ्या काकाच्या नावानं हाक मारू लागले. गाडी करून आम्ही त्यांना धुळ्याला नेलं. अक्का त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली होती.

दवाखान्यातल्या यंत्रानं साखर चारशेच्या वर दाखवली. अक्कानं पिशवीतून आपलं यंत्र काढून दिलं आणि दुपारी आलेले पंधरा सांगितले. डॉक्टरांनी ते उलटसुलट पाहिलं. "हे तिकडचं आहे. तिथं साखर वेगळ्या एककात मोजतात. तुमच्या पंधराला अठरानं गुणा, म्हणजे आपला आकडा येईल."

दोनशे सत्तर, हे गणित तिनं तिथल्या तिथे केलं असणार. यंत्राच्या पडद्याच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं तिनं चष्मा वर करून वाचली आणि बाकावर बसली. "जन्मभर पोरांना विचारत आले, पाच काय म्हणून," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि आज मीच विचारलं नाही."

आबा वाचले. ते घरी येईपर्यंत अक्का रोज धुळ्याला यायची, पण खोलीत पाऊल टाकायची नाही. दाराबाहेर उभी राहून आईला खुणेनंच विचारायची आणि निघून जायची.

गावात लोक म्हणाले, विलायती मशीनच खोटं निघालं. तिला त्या बोलण्याआड लपता आलं असतं. अक्का मात्र प्रत्येकाला थांबवून सांगायची, "मशीन खरं व्हतं. मी वाचं नाही." मुलाचा फोन आला, यंत्र कसं चालतं म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा मी तिच्या घरी होतो. "चांगलं शे बेटा," एवढंच बोलून तिनं हवापाण्याचा विषय काढला. झालेलं त्याला कधीच कळू दिलं नाही.

मग ती आमच्याकडे यायची थांबली. आमचं दार आलं की पदर पुढे ओढून पलीकडच्या बाजूनं जायची. शेवटी आबाच तिच्या ओट्यावर जाऊन बसले आणि बोट पुढे केलं. "मोज, अक्का." तिनं ते बोट दोन्ही हातांत धरलं, पण सुई काही काढली नाही. "दवाखान्यात जाय, भाऊ," म्हणाली.

पुढं मुलगा तिला कायमचं घेऊन जायला आला. गाडीत सामान चढलं. आम्ही निरोप द्यायला गेलो तेव्हा अक्का ओट्यावरून उतरली आणि कुणाला काही कळायच्या आत आबांच्या पायाशी वाकली. आबांपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी बाई. ते दचकून मागे सरले.

"हाई काय करस, अक्का? तू मोठी शे!"

"मोठी व्हती म्हणीसनच," ती न उठता म्हणाली, "तू ते साखरपाणी डोया मिटीसन पिना."

आबांनी खाली बसून तिला दोन्ही हातांनी उठवलं. गाडी हायवेला लागेपर्यंत तिनं एकदाही मान वर केली नाही.