मंजुळाचा दाखला

जीप भरल्याशिवाय सुटत नसे, म्हणून माझं घर सोडणं दोन तास चाललं.

सुरगाण्याच्या पुढे, गुजरातच्या अंगाला आमचा पाडा. आठवीला नाशिकच्या एका हायस्कुलात माझं नाव लागलं होतं आणि मुलांच्या वसतिगृहात जागा मिळाली होती. पत्र्याची पेटी टपावर चढली, मी मागच्या फळीवर बसलो, आणि मग काहीच होईना. ड्रायव्हर अजून चार माणसांची वाट बघत बिडी ओढत होता. आईचं रडून झालं. थोड्या वेळाने ती पुन्हा रडली. बा जीपच्या दांड्याला धरून उभा होता. धाकटी बहीण मंजुळा, सहावीत जाणारी, टपाकडे बघत होती. पेटीवर माझं नाव तिने चुन्याने लिहिलं होतं आणि ते नाशिकपर्यंत टिकेल का, एवढीच तिला काळजी होती.

आमच्याकडे पावसाळ्यात पायवाटेवर गवत कमरेएवढं वाढतं. शेतावर जाताना पुढे चालणारा काठीने गवत झोडत जातो, म्हणजे साप बाजूला होतात. मागचा त्याच्या पावलावर पाऊल टाकतो. घरातल्या थोरल्या मुलाचं ते काम. जीप शेवटी हलली तेव्हा बा एवढंच म्हणाला, "तू पुढं चाल. गवत झोडत जा. मंजी मागून येईल."

त्या वाक्याला आता तीस वर्षांहून जास्त झाली. मी नाशिकमध्ये शिक्षक आहे. नाशिकरोडला फ्लॅट आहे, बायको इथलीच, मुलांना आमची बोली येत नाही. पाड्यावर राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं तिथून निघून आलेल्यांनो, मी हे तुमच्यासाठी लिहितो आहे. ज्यांना तोंडाने सांगायला हवं होतं त्यांतले दोघे आता नाहीत, आणि तिसरीला सांगायला मी फार उशीर केला.

वसतिगृहातले पहिले महिने मी गप्प राहून काढले. तोंड उघडलं की मुलं हसत. हळूहळू शहरातली भाषा जमायला लागली, 'हाय'चं 'आहे' झालं. तेवढ्यात एका रविवारी आई आणि मंजुळा भेटायला आल्या. नागलीच्या भाकरी आणि खुरासणीची चटणी फडक्यात बांधलेली. मी मैदानात मुलांबरोबर होतो. मंजुळाने फाटकाच्या गजांतून तोंड घातलं आणि शेतातून हाक मारावी तशी हाक मारली, "दादा रं! आम्ही आलो हाय! इकडं बघ ना रं!"

मी बघितलं नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेला गेलो. पुढे कितीतरी महिने मुलं मला जेवणाच्या रांगेत 'दादा रं' म्हणून हाक मारत.

मी नववी पास झालो त्या वर्षी मंजुळा सातवी झाली. पाड्याची शाळा सातवीपर्यंतच होती. आमच्या हायस्कूलच्या समोरच्या रस्त्यावर मुलींची शाळा आणि वसतिगृह होतं. तिथे नाव घालायचं ठरलं. सुट्टी संपवून मी निघालो तेव्हा बाने तिचा शाळा सोडल्याचा दाखला वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. त्याला नाशिकच्या कचेऱ्यांची भीती वाटायची. "तू तिथला झालास आता. नाव घालून ये, मंग मी हिला आणून सोडतो."

त्या शाळेच्या फाटकापर्यंत मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा गेलो तो प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. ऑफिसच्या खिडकीपुढे चार-पाच माणसांची रांग होती, फार नव्हती. मी उभा राहिलो, आणि मला ती हाक ऐकू आली. आता ती रोज समोरच्या रस्त्यावर असणार, रोज हाक मारणार. मी रांगेतून बाहेर पडलो. दाखला पेटीत, तळाशी, शर्टाखाली ठेवला.

घरी कार्ड टाकलं: जागा भरल्या. दाखला ऑफिसात जमा झाला आहे, परत मिळत नाही.

यातलं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा वाईट होतं, हे मला नंतर कळलं. दाखला परत केला असता तर बा तिला दुसऱ्या शाळेत घेऊन गेला असता. पण कचेरीत गेलेला कागद परत येत नसतो, हे आमच्या माणसांना न शिकवता माहीत असतं. त्याची दुसरी प्रत मागता येते, हे कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

घरात वाचता येणारी तेव्हा एकटी मंजुळाच होती. कार्ड तिनेच सगळ्यांना वाचून दाखवलं. आई पुढे सांगायची, "उभ्यानंच वाचलं. एकदाच वाचलं अन् चुलीजवळ ठेवलं." दिवाळीनंतर ती आईबाबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला गेली. नंतर दरवर्षी गेली. मी घरी परतणार नाही हे नक्की झालं तेव्हा बाने तिच्यासाठी घरजावई बघितला. अजून ती त्याच घरात राहते. आईबांचं शेवटचं दुखणं तिनेच काढलं.

आम्ही भेटत राहिलो, लग्नात, मयतीला. तिने कधी विषय काढला नाही. मीही नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी आमच्या शाळेत एक काम सुरू केलं. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आठवीला जी मुलं-मुली येतात त्यांची आणि त्यांच्या आईवडिलांची, शाळा उघडायच्या आधी, हॉलमध्ये एक दिवस बैठक घ्यायची. काय आणायचं, काय नाही, सगळं सांगायचं. मुलांना सांगतो, पहिले आठ दिवस पोट दुखेल, तो आजार नसतो. घरच्यांना सांगतो, पहिल्या रविवारी येऊ नका, दुसऱ्या रविवारी मात्र काहीही झालं तरी या. लोक मोकळेपणी विचारतात. या वर्षी एकाने विचारलं, "सर, गादी आणायची का?"

"गादी मिळते. चादर आणा."

"अन् पोरगा रडला तर?"

त्याच्या शेजारून त्याची बायको म्हणाली, "पोरगा नाय रडत सर. ह्येच रडत्यात. जीपमधी सगळ्यांनी बघितलं." हॉल हसला, तो माणूसही हसला.

मग मी दरवर्षीप्रमाणे दाखल्यावर आलो. दाखला कसा असतो, त्यात काय तपासायचं, हे दाखवायला माझ्याकडे एक नमुना आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. त्यावरची नावं मी पांढऱ्या पट्ट्या चिकटवून झाकली आहेत. तो मंजुळाचा दाखला. इतकी वर्षं मी तो हातात धरून उंच करत आलो. निदान त्या कागदाचं काहीतरी काम होतंय, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

"हा आईने किंवा वडिलांनी स्वतः खिडकीत द्यायचा आणि पोचपावती घ्यायची," मी म्हणालो. "दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवायचा नाही."

"भावाच्या हाती बी नाय?"

"भावाच्या तर नाहीच."

या वाक्याला दरवर्षी लोक हसतात. या वर्षीही हसले. हसणं थांबल्यावर दाराजवळून एका बाईचा आवाज आला, "सर, त्येच्यावरचं नाव का झाकलंय?"

आवाज मी आधी ओळखला, माणूस नंतर दिसलं. मंजुळा उशिरा येऊन शेवटच्या रांगेत बसली होती. शेजारी तिची शेंडेफळ रोशनी, मांडीवर फाइल घेऊन. रोशनीसाठी फॉर्म भरलाय हे मला कोणी कळवलं नव्हतं. का कळवतील?

"नमुना आहे," मी म्हणालो. "कोणाचं नाव चारचौघांत कशाला."

"पोरीचा हाय का पोराचा?"

"मुलीचा."

"मंग ती पुढं कुठल्या शाळेत गेली?"

मला सर म्हणत ती हे विचारत होती. मी चहाची सुट्टी जाहीर केली.

हॉल रिकामा झाल्यावर ती टेबलापाशी आली. प्लास्टिकवर बोट ठेवलं. तारखेच्या जागी निळी शाई पसरून डाग पडला होता. "हा माझा वला हात हाय. हेडसरांनी दिला तवा मी हापशावर पाणी पित व्हते."

मग मी सांगितलं. जागा भरल्या नव्हत्या. मी दाखला दिलाच नाही. तू फाटकातून हाक मारशील म्हणून. तीस वर्षांत मी या कबुलीची पुष्कळ लांब वाक्यं मनात तयार केली होती. प्रत्यक्षात तीन छोटी निघाली.

तिने पिशवीतून कागद काढला आणि नखाने पट्ट्या खरवडल्या. खाली तिचं नाव निघालं, मग बाचं. ती वाचायला लागली. रोशनी ऐकत होती. प्रगती, उत्तम. वर्तणूक, चांगली. शाळा सोडल्याचे कारण, पुढील शिक्षणासाठी. ही शेवटची ओळ तिने दोनदा वाचली.

"बा मरंस्तवर सोताला बोल लावत व्हता," ती म्हणाली. "दोन दिस आधी पोराला धाडला असता तर मंजीला जागा भेटली असती, म्हनायचा. तुझं नाव नाय घेतलं कधी."

मी काहीतरी बोललो असेन. माफी मागितली असेन. तिने ते घेतलं नाही आणि परतही केलं नाही. ती रोशनीला घेऊन खिडकीपुढच्या रांगेत उभी राहिली, तिचा दाखला स्वतः दिला, पोचपावती वाचून बघितली आणि आपल्या जुन्या दाखल्याबरोबर पिशवीत ठेवली. घरी जेवायला चल म्हणालो तर म्हणाली, "जीप भरत आली असंल."

आता नमुना म्हणून दाखवायला माझ्याकडे काही उरलं नाही. ते बरंच झालं.

दुसऱ्या रविवारी मी मुलींच्या वसतिगृहावर गेलो. मंजुळा सकाळीच भेटून गेली होती. रोशनीने मला जिन्यावरून पाहिलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, "मामा रं! थांब, आले हाय मी!" मुली हसल्या. तिला त्याचं काही वाटलं नाही. मी हात वर केला आणि आमच्या बोलीत, जमेल तेवढ्या मोठ्याने, ओ दिली.

तिच्या हातात शिष्यवृत्तीचा कोरा फॉर्म होता. सवयीने मी हात पुढे केला. "आण, मी भरून देतो."

तिने फॉर्म पाठीमागे नेला. "आई म्हनली, मामासंगं बोलत जा. पन कागुद कोनताच त्याच्या हाती देऊ नको." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तू सांग ना. मी लिहिते."

आम्ही पायरीवर बसलो. मी एकेक रकाना समजावून सांगत गेलो, ती लिहीत गेली. 'कायमचा पत्ता' आला. माझ्या सगळ्या कागदांवर त्या जागी कितीतरी वर्षं नाशिकरोडचा फ्लॅट आहे. तरी मी सांगायला लागलो, मुक्काम...

"तो नको सांगू मामा," ती म्हणाली. "तो मला येतो."

आणि मान खाली घालून तिने आमच्या घराचा पत्ता लिहिला. मी शेजारी बसून तो वाचला.