भिंतीपलीकडचा अगहन

ताईला सासरी जायच्या आधी आकाशातला एक डाग बघायचा होता, दुर्बिणीतून. नुसत्या डोळ्यांनी ती लहानपणापासून बघत होती. देवयानी नक्षत्रातला तो पुसट ठिपका तिला अंधारात नेमका बोट लावून दाखवता यायचा. मला तो जन्मात दिसला नव्हता. मी म्हणायची, "तुझ्या डोळ्यात कचरा गेला असेल." त्यावर चिमटा बसायचा. बाबा भूगोलाचे मास्तर. ते म्हणत, तो डाग नव्हे, आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी अख्खी आकाशगंगा आहे, पण नीट बघायची तर दुर्बीण हवी.

दुर्बीण होती शेजारच्या चाचाजींची. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. पण ती त्यांच्या जावयाकडे कटनीला गेलेली. "अगहन बदी में आ जाएगी, ले जाइए," त्यांनी बाबांना सांगितलं. आता अगहन म्हणजे मार्गशीर्ष आणि बदी म्हणजे वद्य, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल! बाबा आणि ताई लगेच पंचांग घेऊन बसले. चांदणं नको, म्हणून वद्य पक्ष उत्तम. तेव्हा दिवेलागणीलाच देवयानी डोक्यावर. जबलपूर शहरात चुलींचा धूर, म्हणून टांगा करून अधारतालला, तलावाच्या काठी जायचं. सगळं कसं झक्कास ठरलं.

आणि मग ताईचं लग्न ठरलं. स्थळ अकोल्याचं, मुहूर्त मार्गशीर्ष शुद्धातला. म्हणजे वरात आधी आणि दुर्बीण नंतर! बाबांनी पंचांग इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. तिथी का कुठे सरकते? सासरी कोण हिला दुर्बीण आणून देणार होतं? पापड लाटताना ताईचं नाक लाल झालेलं मला दिसलं, आणि त्या अकोलेकरांचा मला असा राग आला म्हणून सांगू!

कार्तिक निम्म्याहून जास्त सरला. एका दुपारी घरात लाडवांचा घाट चाललेला, आणि दारात चाचाजी उभे. काखेत लांबच लांब पेटी, तोंड फुगलेलं.

"मास्साब, कब से झाड़-पोंछ के रखी है! आए क्यों नहीं? अगहन बदी आधी निकल गई!"

बाबा हसले. "भाईसाब, अभी तो कार्तिक चल रहा है."

"कार्तिक? वो तो पूनम को गया!"

बाबांनी कपाळावर असा काही हात मारून घेतला की आई आतून धावत आली. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. म्हणजे त्या वद्य पंधरवड्यात भिंतीच्या अलीकडे कार्तिक आणि पलीकडे अगहन! आमच्या तीन पिढ्या जबलपुरात गेल्या, फराळाची ताटं त्या भिंतीवरून इकडून तिकडे गेली, आणि एवढं बाबांच्या डोक्यात आलं नाही. भूगोलाचे मास्तर म्हणे!

"म्हणजे आज?" ताई किंचाळली. "आजच जायचं?"

"आजच! चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवत नाही."

"हळद लागायची पोरगी, दवात कुठे घेऊन चालले?" आई कडाडली. "लोक पाहून राहिले ना!"

"अवो, लोक वर कुठे पाहून राहिले!" बाबा म्हणाले, आणि आईलाच हसू फुटलं.

टांग्यात आम्ही वेड्यासारखे खिदळत होतो. चाचाजी पेटी मांडीवर घेऊन दर खड्ड्याला ओरडत, "भैया, धीरे!" बाबांचा हिशोब नव्याने सुरू: महिनाभर अलीकडे आलो, म्हणजे देवयानी दिवेलागणीला नाही, जेवणाच्या वेळेला डोक्यावर येणार. तोवर तलावाकाठी बसून आम्ही रुखवताचे लाडू फस्त केले.

देवयानी आली ती इतकी डोक्यावर, की बघायला सतरंजीवर उताणं पडावं लागलं. होणारी नवरी, आणि केसात गवत! मी आधी घुसले. राखेचं बोट फिरवावं तसं काहीतरी पांढुरकं तिथे खरंच होतं. "दिसलं! मला दिसलं!" मी इतकी ओरडले की तलावावरच्या टिटव्या उठल्या.

मग ताई. ती आधी हसली, मग कितीतरी वेळ हललीच नाही. चाचाजीसुद्धा घाई करेनात. डोळा न काढताच तिने विचारलं, "बाबा, अकोल्याला ही कधी येते डोक्यावर?"

असला हिशोब बाबांच्या जिभेवर असायचा. तरी त्यांनी आधी ताईच्या केसातलं गवत काढलं.

"अकोला आपल्या पश्चिमेला. इथे आधी येते, तिथे जराशी मागून. आमची बघून झाली की लगेच तुझ्याकडे पाठवून देत जाऊ."