शेवटच्या रांगेपर्यंत

मायदेशी नाटक-सिनेमात गाजलेली ही नटी मुलीपाठोपाठ परदेशी आली आणि परक्या उच्चारांमुळे पडद्यावर मुकी झाली. मालिकांमध्ये तिला मोलकरीण, गर्दीतली बाई नाहीतर प्रेत, एवढीच कामं मिळत. अनेक वर्षांनी नर्सची भूमिका आणि एक वाक्य मिळालं: "डॉक्टर, या श्वास घेत नाहीयेत."

तिने ते आठवडाभर घोटलं. "आई, आता भिंतींनाही पाठ झालं गं," मुलगी म्हणाली.

कॅमेऱ्यासमोर तिने सवयीने नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज लावला. ध्वनिमुद्रकाने कानावरचे हेडफोन उपटले. दुसऱ्यांदाही तेच झालं. मग दिग्दर्शकाने तिचं वाक्य खाटेवरच्या प्रेताला दिलं आणि हिला त्या जागी निजवलं.

"बोललीस का?" घरी मुलीने विचारलं.

"बोलले की. सगळ्यांना ऐकू गेलं."