नोंद राहिलीय

कशेळ्याच्या स्टँडवर सीट भरायची वाट बघत जीप उभी होती. आत माझ्या शेजारी बसलेली तरुणी समोरच्या दांड्याला दोरा बांधून एका हाताने गाठी मारत होती, सोडवत होती.

"काय करतेस गं?" समोरच्या आजीने विचारलं.

"टाक्यांच्या गाठींचा सराव. बाळांची आतडी बोटाएवढी बारीक असतात, आजी. एमबीबीएस, मग सर्जरीत एमएस, मग लहान मुलांच्या सर्जरीत एमसीएच केलं. डिग्री हातात आली!"

बोलताना तिचे डोळे लकाकत होते, पण बोटं थांबली नाहीत.

"मंग आता पोरांची आपरेशनं करनार?"

"आज मुंबईला मेडिकल कौन्सिलमध्ये डिग्रीची नोंद झाली, की लगेच!"

आजीने ड्रायव्हरच्या पाठीत थाप मारली. "सीटा कसल्या मोजतोस रं? हिची नोंद रायलीय. काढ गाडी!"

"काढ, काढ!" मीही ओरडलो.

भरल्याशिवाय कधीच न हलणारी ती जीप अर्धी रिकामीच सुटली.